तबला: आठवड्याला एकच क्लास आणि नोकरी, मग रोजचा रियाज नक्की कसा करायचा?

कोपरखैरणेकर

नमस्कार मंडळी. राहायला कोपरखैरण्यात, नोकरी ऐरोलीत. तबल्याची ओढ लहानपणापासूनची, ती आता चाळिशीत पुरी करतोय. गेल्या गणपतीनंतर वाशीला क्लास लावला, दर शनिवारी संध्याकाळी एक तास. आमचे सर मनापासून शिकवतात, पण वर्गात सात-आठ जण असतात, त्यामुळे एकेकाच्या वाट्याला थोडाच वेळ येतो. घरी काय करू असं विचारलं की सर म्हणतात, "रियाज करा, हात आपोआप बसेल."

कामाच्या दिवशी घरी यायला साडेआठ होतात. जेवण, मुलीचा अभ्यास, यात तबला राहून जातो. म्हणून रविवारी सकाळी दोन-अडीच तास सलग बसतो. आत्तापर्यंत वर्ण (तबल्याचे मूळ बोल), तीनताल, दादरा, केरवा आणि 'धा धा तिट' कायदा (विस्तार करत वाजवायची ठरावीक बोलांची रचना) झालाय. ठेके बरे वाजतात. कायदा मात्र पुढे सरकत नाही. हळू वाजवला की येतो, जरा वेग वाढवला की मधेच हात अडकतो. मग पहिल्यापासून सुरू करतो, परत तिथेच येऊन अडकतो. मेट्रोनोम लावला की आणखी गडबड. रविवारी दुपारपर्यंत जमल्यासारखं वाटतं आणि शनिवारी सरांसमोर पुन्हा मागचेच दिवस.

प्रश्न असे: रोज किती वेळ द्यायला हवा? त्या वेळात नेमकं काय करायचं? खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे आणि आमची बिल्डिंग सिडकोची जुनी, आवाज सगळीकडे जातो, त्याला काही उपाय? रविवारी वाजवून झालं की उजवं मनगट दुखतं, हे सुरुवातीला सगळ्यांचंच होतं का? आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला बसावं का? सोसायटीच्या गणपतीत भजनाला साथ करायची मनापासून इच्छा आहे.

सीवूड्स_गिटार

मी गिटार शिकतोय, तबल्यातलं मला कळत नाही. पण एक सांगतो, वाद्य बॅगेत बंद करून ठेवू नका. माझी गिटार हॉलमध्ये स्टँडवर उभी असते. ऑफिसातून आलो, हातपाय धुतले की आधी तिच्याकडेच जातो. दहा मिनिटं का होईना, रोज वाजते. कपाटातून काढा, बॅग उघडा, जागा करा असं करायचं म्हटलं तर कामाच्या दिवशी ती दहा मिनिटं निघणारच नाहीत. तबलाही कोपऱ्यात रिंगवर मांडून, वर कापड टाकून ठेवा.

नौपाड्याची_तबलावाली

दादा, मी नौपाड्यात तबला शिकवते. संध्याकाळी शाळेतली मुलं असतात, सकाळी नोकरीवाले आणि निवृत्त मंडळी. तुम्ही लिहिलंय तसं अडणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात, म्हणून सविस्तर लिहिते.

किती वेळ, हे नंतर बघू. आधी हात अडतो कुठे ते बघू. 'धा धा ति ट धा धा तू ना' यातला प्रत्येक बोल तुम्हाला येतो. सुटा वाजवून बघा, स्वच्छ वाजेल. मग अडतं काय? दोन बोलांमधला सांधा अडतो. लोकल सरळ रुळावर खडखडत नाही, सांधा आला की खडखडते, तसंच आहे हे.

आता 'ट' आणि त्यानंतरचा 'धा' बघा. 'ट' वाजतो तेव्हा तर्जनी शाईच्या, म्हणजे कातड्यावरच्या काळ्या गोलाच्या, मध्यावर आलेली असते आणि अनामिका तिची जागा सोडून वर गेलेली असते. पुढच्याच मात्रेला 'धा' आहे. तेवढ्या वेळात अनामिका शाईच्या कडेला येऊन हलकी टेकली पाहिजे, तर्जनी चाटेवर, म्हणजे बाहेरच्या कडेवर, पोचली पाहिजे आणि डाव्या हाताचा 'गे' त्याच क्षणी पडला पाहिजे. संथ लयीत या तिन्ही गोष्टींना पुरेसा वेळ मिळतो. लय चढली की अनामिका उशिरा पोचते. ती टेकलीच नाही तर 'धा'मधला 'ना' खणखणत नाही, घाईघाईत दाबून टेकली तर ठप्प वाजतो. कानाला कळतं काहीतरी बिघडलं आणि हात थांबतो. तुम्हाला वाटतं कायदा येत नाही. प्रत्यक्षात एका बोटाची एका जागेवर परत यायची वाट तयार झालेली नाही, एवढंच.

अनामिकेला एवढं महत्त्व का, हेही सांगते, कारण ते कळलं की रियाजात लक्ष कुठे द्यायचं ते कळतं. ती कडेला टेकल्यामुळे पुडीचा, म्हणजे तबल्याच्या कातड्याचा, खोल, पसरट कंप दबतो आणि वरचा स्पष्ट स्वर मोकळा होतो. साध्या ढोलाच्या कातड्याचे कंप एकमेकांशी सुरात नसतात. तबल्याचे असतात, ते शाईच्या वजनामुळे. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली आपल्या चर्मवाद्यांच्या या गुणाबद्दल लिहिलं होतं. म्हणजे शाई लावणाऱ्या कारागिराने जो सूर पुडीत भरून ठेवलाय, तो बाहेर काढायचं काम तुमच्या अनामिकेच्या टेकण्यावर आहे. म्हणून मी नव्या विद्यार्थ्याचा आधी 'ना' ऐकते, वेग नंतर.

अशीच आणखी एक जागा 'तू ना'ची. 'तू' उघडा बोल, बाकीची बोटं वर. लगेच 'ना'साठी अनामिका पुन्हा खाली. आणि एक जागा खालीच्या ओळीत: 'ता ता ति ट धा धा धू ना'. 'ता ता ति ट'ला डग्गा (डाव्या हाताचं वाद्य) बंद हवा, आणि सवयीने डावा हात तिथेही 'गे' देऊन मोकळा होतो. तुमचा हात यातल्या कुठल्या सांध्यावर अडतो ते आधी शोधा. माझा अंदाज 'ट धा'चा आहे, पण तुमच्या हाताचं तुम्हाला जास्त कळेल. फोनवर रेकॉर्ड करा आणि लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवून उठल्या उठल्या ऐकलं तर कान हाताचीच बाजू घेतो.

आता ते 'पहिल्यापासून सुरू करतो'. हे आजच बंद करा. दर वेळी पहिल्यापासून गेलात की 'धा धा'चा रियाज होतो, तो तुम्हाला येतोच आहे. 'ट धा'च्या वाट्याला मात्र शेवटचा एक झटका येतो आणि लगेच थांबणं. तासभर असं केलं की हात काय शिकतो? इथे आलं की थांबायचं. मला वर्गात हे लांबून दिसतं. सांधा यायच्या आधीच विद्यार्थ्याचा खांदा वर चढतो, मनगट कडक होतं. तुमचं मनगट दुखण्याचं एक कारण हेही असू शकेल.

त्याऐवजी असं करा. मेट्रोनोम ६० वर लावा. एका ठोक्याला एक बोल. फक्त 'ट धा', पुन्हा 'ट धा'. बाकी काही नाही. बोटाकडे बघत, अनामिका आधी पोचते की तर्जनी आधी पडते ते बघत. ते निवांत व्हायला लागलं की एक बोल मागचा घ्या, एक पुढचा: 'ति ट धा धा'. मग 'धा ति ट धा धा'. असं दोन्ही बाजूंनी वाढवत अख्ख्या ओळीपर्यंत या. लागोपाठ तीन वेळा स्वच्छ आलं तर ६४. तिथे मोडलं तर पुन्हा ६०, आणि त्यात काही कमीपणा नाही. ६० वर स्वच्छ वाजणारा कायदा सरांना ऐकायला नक्की आवडेल. ९० वर फरफटत जाणारा कुठल्याच गुरूला आवडत नाही.

माझ्याकडे चरईतले एक काका येतात, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची अनामिका 'ट' नंतर वरच तरंगत राहायची. कितीदा सांगितलं तरी ती खाली येईना, कारण सांगून बोटाला कळत नाही. शेवटी त्यांच्या अनामिकेच्या नखावर मी पेनने ठिपका काढला आणि म्हटलं, बाकी सगळं विसरा, फक्त ठिपक्याकडे बघा. ठिपका शाईच्या कडेला आल्याशिवाय 'धा' नाही. ते अगदी संथ, 'ट' म्हणून थांबायचे, ठिपका कडेला आणायचे, मग 'धा'. घरीही रोज सकाळी चहाच्या आधी तेवढंच करायचे. हळूहळू थांबणं कमी होत गेलं. आता ठिपक्याची गरज नाही, डोळे मिटून बोट जागेवर जातं. वय सत्तरच्या पुढे आहे त्यांचं, म्हणून मुद्दाम सांगते, चाळिशीत हात बसत नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

मेट्रोनोम लावला की गडबड होते, याचं कारण हातात नाही. तुम्ही बहुतेक बोल तोंडाने म्हणत नाही. पढंत करा. हाताने तीनताल धरून, पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली (टाळी न देता हात बाजूला), आणि तोंडाने कायदा. पढंत करताना ठोका चुकत असेल तर तबल्याला हात लावू नका, आधी तोंड ठीक होऊ द्या. जे तोंडात नाही ते हातात येत नाही, असं आमचे गुरुजी म्हणायचे. पं. सुरेश तळवलकरांची पढंत ऐका, नुसत्या म्हणण्यातसुद्धा 'धा'चं वजन वेगळं आणि 'ता'चं वेगळं कळतं. तुमच्यासाठी तर फार सोपं आहे. ऐरोलीहून गाडीत बसलात की रबाळे, घणसोली आणि मग कोपरखैरणे. तेवढ्या वेळात मांडीवर बोटांनी ताल धरून कायदा ठाय (संथ) लयीत आणि दुगुनीत (दुप्पट लयीत) म्हणून होतो. शेजारच्याला ऐकूही जात नाही.

आता किती वेळ. रोज वीस-पंचवीस मिनिटं, आणि रविवारी हवं तर पाऊण तास. अडीच तास सलग नको. रविवारी दुपारी जमलेलं शनिवारी हातात नसतं, कारण मधले पाच दिवस हाताला कोणी विचारलेलं नसतं. हालचालींची आठवण दोन रियाजांच्या मधल्या वेळात आणि झोपेत घट्ट होते, यावर संशोधनही झालेलं आहे. आज रात्री वीस मिनिटं केलेला 'ट धा' उद्या जरा जवळचा वाटतो. परवा आणखी जवळचा. ही रोजची भेट चुकवू नका. ज्या दिवशी अगदीच शक्य नसेल त्या दिवशी निदान पढंत करा.

चाळीस दिवसांच्या चिल्ल्याच्या, म्हणजे सलग कडक रियाजाच्या, गोष्टी ऐकून काही जणांना वाटतं की रियाज म्हणजे तास मोजणं. चिल्ल्याला बसणाऱ्यांचा निकास, म्हणजे बोल काढायची पद्धत, आधीच गुरूने तपासून पक्का केलेला असतो. आपल्याला आधी तो पक्का करायचाय. चुकीचा निकास तासन्‌तास घोटला तर तोच पक्का होतो, आणि तो मोडायला पुढे दुप्पट मेहनत पडते. हे मी फार कळकळीने सांगते, कारण यूट्यूबवरून वर्ष-दोन वर्षं वाजवून माझ्याकडे आलेली मुलं असतात. त्यांच्या हातात गती असते, उत्साह असतो, आणि 'ना' मात्र कुठेच नसतो. तो परत आणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं.

त्या वीस मिनिटांची वाटणी मला अशी आवडते: बसल्यावर आधी नुसता 'ना' आणि नुसता 'गे', आवाजासाठी. डाव्या मनगटाची टाच मैदानावर (शाई आणि कडेच्या मधल्या जागेवर) टेकलेली, बोटं पडून लगेच वर उठलेली, आस (मागे घुमणारा नाद) ऐकायची. यात घाई नको. मग मोठा भाग त्या दिवसाच्या एका सांध्याला. एकच सांधा, दोन नाहीत. आणि शेवटची पाच मिनिटं लेहरा (तालाच्या आवर्तनात फिरत राहणारी धून) लावून तीनताल किंवा केरवा, जो छान येतो तो, आनंदासाठी. पेटीचा लेहरा ॲपवर मिळतो. उठताना हात आणि मन दोन्ही खुशीत असले पाहिजेत, म्हणजे उद्या परत बसावंसं वाटतं. वहीत एक ओळ लिहा: आज कुठला सांधा, कुठल्या लयीला. बाकी डायरी नको.

बाळाचं म्हणाल तर खाली जाऊन त्याच्या आईला विचारा, बाळ कधी झोपतं. मी सगळ्यांना हेच सांगते. शेजाऱ्यांना वेळ माहीत असली आणि ती रोज तीच असली की तक्रारी फार कमी येतात. रात्री १० ते सकाळी ६ हा शांततेचा काळ कायद्यानेच ठरवलाय, त्यात वाजवायचंच नाही. घरी आल्यावर जेवणाआधीची वीस मिनिटं धरा, जेवणानंतर हात जड पडतो. तबल्याखाली जाड सतरंजी दुहेरी घाला, जमिनीतून जाणारी धमक खूप कमी होते. आणि अगदीच आवाज नको असेल तेव्हा पुडीवर हातरुमाल पसरून सांध्याचा रियाज करा. बोटांची वाट तयार होते. आवाजाचा रियाज त्यावर होत नाही, तो दिवसाउजेडी रुमाल काढून.

पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा पुडी धरते आणि सूर उतरतो. पुडी उतरलेली असली की माणूस आवाज काढायला जोर लावतो, आणि हातही दुखतो. सरांकडून गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणलेल्या गोठावर) हातोडीने सूर चढवायला आणि उतरवायला शिकून घ्या. सुरुवातीला हात थरथरतो, पण हे लवकर आलेलं बरं. उन्हात नेऊन ठेवू नका.

परीक्षेला जरूर बसा, पण सरांनी सांगितल्यावर. गांधर्वच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोनदा होतात, आणि तुमच्या वाशीतच मंडळाची वास्तू आहे. तारीख ठरली की रियाजाला एक धार येते, हा तिचा मोठा फायदा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते सर्वसाधारण घरातल्या माणसाला गाणं-वाजवणं शिकता यावं म्हणून. नोकरी सांभाळून शनिवारी क्लासला जाणारे तुम्ही त्यांच्या मनातलेच विद्यार्थी आहात.

आणि ऐका. भरपूर ऐका. ठाण्यात महापालिका दरवर्षी पं. राम मराठे यांच्या नावाने संगीत महोत्सव भरवते, त्याला या. तबलजीचा उजवा हात दिसेल अशा बाजूची खुर्ची धरा आणि मांडीवर हळूच ठेका धरून बसा. विलंबितात दोन मात्रांमध्ये तो माणूस किती निवांत बसलेला असतो, ते बघण्यासारखं असतं.

पाचपाखाडी_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हौसेने सतार शिकते. दुखण्याबद्दल थोडं.

नवीन हालचालीने हाताचे स्नायू आंबल्यासारखे वाटणं आणि एक-दोन दिवसांत ते जाणं, हे चालतं. पण अंगठ्याच्या बाजूला मनगटात टोचणारं दुखणं, बोटांना मुंग्या, बधिरपणा, किंवा रात्री दुखण्याने जाग येणं, यातलं काही असेल तर वाजवणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. बाम लावून पुढे वाजवत राहू नका.

ताईंनी खांदा वर चढण्याचं लिहिलंय ते अगदी खरं आहे. आरशासमोर बसून वाजवा, खांदे कानांकडे सरकतात का बघा. मांडी घालून बसल्यावर कंबर मागे कलंडत असेल तर बैठकीखाली घडी घातलेली चादर घ्या. तबला शरीरापासून लांब असला तर कोपर ताणलेलं राहतं, तो जवळ घ्या. दिवसभर कीबोर्ड आणि माऊसवर असलेलं मनगट घरी येऊन लगेच तबल्यावर घालू नका. आधी दोन मिनिटं मुठी उघडा-मिटा, मनगटं गोल फिरवा, हात खाली सोडून झटका. अडीच तासांचे वीस-पंचवीस मिनिटं झाले की मला वाटतं निम्मं दुखणं तसंच जाईल.

घणसोली_गाव

राम कृष्ण हरी. आम्ही क्लासला गेलो नाही. वडील पखवाज वाजवायचे, मी त्यांच्या शेजारी बसून टाळ वाजवत मोठा झालो. ताईंचं सगळं पटलं, पण माझ्याकडून एक जोडतो.

एकट्याने खोलीत मेट्रोनोमवर वाजवणं आणि वीस माणसं टाळ घेऊन गात असताना वाजवणं, यात फार फरक आहे. मेट्रोनोम कोणासाठी थांबत नाही की पळत नाही. माणसं पळतात. अभंग रंगला की लय चढते, बुवा एखाद्या ओळीवर रेंगाळले की ती बसते. ते कान आधीपासून तयार करावे लागतात. तुम्ही घणसोलीच्या एवढे जवळ राहता. एकादशीला देवळात भजन असतं, कोपरखैरणे गावातही होतं. तबला घेऊन येऊ नका. टाळ घ्या आणि मागे बसा. लय कुठे चढते, ध्रुवपद कसं परत येतं, पखवाजवाला कधी नुसता ठेका धरतो आणि कधी भरतो, ते अंगात येऊ द्या. कोणी परकं मानत नाही. पहिल्या दिवशीच कोणीतरी सरकून जागा देईल.

आमच्याकडे पोरांना पहिलं वर्षभर टाळच देतात. पखवाजाला कणीक कशी लावायची तेसुद्धा नंतर.

कोपरखैरणेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, काल रात्री आणि आज सकाळी रेकॉर्ड करून बघितलं. 'ट धा'च आहे. अनामिका चक्क हवेत असते, इतके महिने माझ्या लक्षात आलं नव्हतं. ६० सुद्धा मला जास्त वाटला, ५० वर केलं. मेट्रोनोमबरोबर नुसती पढंत केली तेव्हा कळलं की खालीच्या ओळीत माझं तोंडच घसरतं.

खालच्या वहिनींशीही बोललो. बाळ साडेनऊला झोपतं, त्याआधी काहीही वाजवा म्हणाल्या.

दादा, येत्या एकादशीला नक्की येतो, टाळ घेऊन.

एक शेवटची शंका. गणपतीत साथ करताना मधेच ठेका सुटला तर काय करायचं? घरी सुटला तर थांबता येतं. तिथे सगळे गात असणार.

नौपाड्याची_तबलावाली

५० अगदी योग्य. खालीची ओळ तोंडात बसेपर्यंत ती हातात घेऊ नका.

ठेका सुटण्याचाही रियाज करता येतो, आणि तो करायचाच. लेहरा लावा, केरवा सुरू करा, 'धा गे ना ति न क धि न'. मधेच मुद्दाम हात उचला. लेहरा चालू राहू द्या. दोन आवर्तनं नुसते बोल म्हणत राहा, आणि समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, 'धा' वर परत या. मधल्या कुठल्याही मात्रेवर घुसायचा प्रयत्न करायचा नाही, सम येईपर्यंत थांबायचं. हे लेहऱ्यावर जमलं की घरातल्या कोणाला तरी भजन म्हणायला सांगा आणि त्यावर करा. मुलगी गाते का? तिला मुद्दाम कुठे लय वाढवायला, कुठे रेंगाळायला सांगा, तिलाही मजा येईल.

प्रत्यक्षात सुटला तर घाबरून बोटं चालवत राहू नका. हात मांडीवर ठेवा, ओठांत बोल म्हणा, ध्रुवपदाकडे कान द्या. ध्रुवपदाच्या ओळीत सम कुठल्या अक्षरावर पडते ते प्रत्येक भजनासाठी आधीच शोधून वहीत त्या अक्षराखाली रेघ मारून ठेवा. त्या अक्षरावर 'धा' टाका आणि साधा ठेका धरा. टाळ चालू असतात, तुम्ही एक आवर्तन गप्प होतात हे फारसं कोणाच्या लक्षातही येत नाही. चुकीच्या मात्रेवर जोरात पडलेला 'धा' मात्र गाणाऱ्याला खेचून नेतो.

यंदा भजनाला फक्त केरवा आणि दादरा घ्या, साधे, भरीव, एका लयीत. तिहाया आणि लग्ग्या, म्हणजे ठेक्यावरची सजावट, पुढच्या वर्षी. आवाज टाळांच्या खाली राहील एवढाच ठेवा, गाणाऱ्यांचे शब्द ऐकू आले पाहिजेत.

आणि या शनिवारी सरांना आधी तुमचा 'ट धा' ५० च्या लयीत ऐकवा. त्यांचा निकास माझ्यापेक्षा वेगळा असेल, घराण्याघराण्यांत बोटं बदलतात, तेव्हा ते जे बोट सांगतील तेच धरा. सात-आठ जणांत वेळ कमी मिळतो म्हणता, पण "सर, एवढा एक सांधा बघाल का" असं नेमकं विचारलं तर दोन मिनिटंही पुरतात.